खिंडवाल्याची काठिण्यपातळी

पातळीकाकांना पातळीकाका का म्हणतात, हे कोणाला सांगावं लागत नाही. त्यांच्याशी दोन मिनिटं बोललं की 'काठिण्यपातळी' हा शब्द कानावर पडतोच. परीक्षा मंडळात आयुष्य काढलेला माणूस. दुसऱ्यांनी काढलेल्या प्रश्नपत्रिका वाचायच्या आणि त्यातला कुठला प्रश्न सोपा, कुठला मध्यम, कुठला मुलांच्या जिवावर उठलेला, ते ठरवायचं, हे त्यांचं काम. तिथे काकांच्या भुवया वर गेल्या की चार शिक्षकांच्या माना खाली जायच्या. निवृत्तीनंतर शिक्षक गेले, भुवया राहिल्या. मग त्या घरातल्या वस्तूंवर चालायला लागल्या. औषधाच्या बाटलीचं झाकण: कठीण. लिफ्टचं दार: मध्यम. परगावी नोकरीला असलेल्या मुलाशी फोनवर बोलणं: पर्यायी प्रश्न, सोडला तरी चालतो.

काकू म्हणायच्या, "अहो, जरा घराबाहेर पडा. नाहीतर एक दिवस मलाही गुण द्याल."

काका यावर गप्प राहायचे. काठिण्यपातळी उघड सांगायची नसते, हा मंडळाचा नियम होता.

तर एका संध्याकाळी सून जेवताना गप्प होती. ती कॉम्प्युटरवर खेळायचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत होती, आणि तीन वर्षं एकाच खेळामागे लागली होती. काकूंनी दोनदा वाढू का विचारलं, तिने दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा काकूंनी विचारलंच नाही, वाढलं.

"काय झालंय?" काका म्हणाले.

"काही नाही बाबा. खेळ अवघड झालाय."

काकांचा घास तिथेच थांबला. एखाद्या निवृत्त घोड्याच्या कानावर लांबून बँडचा आवाज यावा, तसं झालं.

"कितपत अवघड?"

"सगळे मरतात."

"सगळे?"

"सगळे. बघा, त्यात आपण एक साधा माणूस होतो. हातात काठी, अंगात फाटका सदरा. गावातल्या लोकांची कामं करायची. कोणाची गाय शोधून द्यायची, कोणाची विहीर उपसायची. कामं केली की अंगात ताकद येते, ढाल मिळते, तलवार मिळते. मग खिंडीत जाऊन खिंडवाल्याशी लढायचं."

"खिंडवाला म्हणजे?"

"राक्षस. आता पहिल्या भेटीत त्याच्याशी लढायचंच नसतं. त्याला बघायचं, दोन शब्द बोलायचे, घाबरायचं आणि परत येऊन तयारीला लागायचं. पण परत कोणी येतच नाही. जो जातो तो काठी घेऊन त्याला भिडतो. भिडतो, मरतो, आणि चिडून खेळ बंद करतो."

"कंपनीतली माणसं खेळून बघत नाहीत का?"

"त्यांना तोंडपाठ झालाय. कुठे काय दाबायचं ते बोटांना माहीत, वाचत कोणीच नाही. बाहेरच्या माणसांना दिला की ढीग पडतो." सुनेने पाण्याचा पेला उगाच फिरवला. "महिनाअखेरीला मॅडम बघणार आहेत. माणसं खिंडीतच अडकत असतील तर खेळ बंद. मग मला परत फुग्यांवर टाकतील."

"फुग्यांवर?" काकूंनी विचारलं.

"फुगे फोडायचा खेळ, आई. लाल फुगा फुटला की टप्प, निळा फुटला की टुप्प. आधी मी तिकडेच होते. तो टुप्प माझा आहे."

ती हे इतक्या खालच्या आवाजात म्हणाली की काकूंनी तिच्या पानात आणखी थोडं वाढलं. काकांनी मात्र पाठ सरळ केली. घरात प्रश्न कठीण झाला होता, आणि प्रश्न सोपे करणारा माणूस त्याच टेबलावर बसला होता.

"तू काळजी सोड," काका म्हणाले. "हा विषय माझा आहे."

सुनेने काकूंकडे बघितलं. काकूंनी आमटीकडे बघितलं.

दुसऱ्याच दिवशी तिने काकांना त्यांची स्वतंत्र प्रत काढून दिली. मूळ खेळाला हात लागणार नव्हता, पण या प्रतीत खिंडवाल्याची ताकद, चाल, झोपायच्या-जेवायच्या वेळा, दाराची रुंदी असं सगळं कमीजास्त करता येत होतं. ताकदीपुढे शंभर लिहिलं होतं. काकांनी आधी स्वतः पेपर सोडवायचं ठरवलं. वर्तमानपत्र संपवलं, चष्मा पुसला आणि गावातली गाय, विहीर वगैरे किरकोळ प्रश्न सोडून थेट खिंड गाठली. मंडळाचा माणूस नेहमी सगळ्यात कठीण प्रश्न आधी बघतो.

खिंडवाला पायरीवर गदा टेकून बसला होता. माणूस, म्हणजे राक्षस, चांगला बोलका निघाला. कुठून आलात, वाटेत त्रास झाला का, इकडे हल्ली कोणी फिरकत नाही. तो बोलला की ती अक्षरं पडद्यावर उमटायची आणि खाली आपण काय म्हणायचं ते निवडायचं. काकांनी मोजकी, सभ्य उत्तरं निवडली. मग रीतसर निरोप घेतला आणि निघणार, तोच खिंडवाल्याने दार उघडलं, गदा उचलली आणि काकांना एका घावात आडवं केलं. पडद्यावर अक्षरं आली: 'आपण मेलात. पुन्हा?'

काकांना मेल्याचं इतकं वाटलं नाही. मारून वर 'आपण' म्हणतो, याचं वाटलं.

"हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे," त्यांनी संध्याकाळी सुनेला सांगितलं. "निघालेल्या माणसावर हात टाकतो."

"बाबा, निघालेल्या माणसाला तो काही करत नाही. तुम्हीच आत गेला असाल."

"मी निघालो होतो."

"हरल्यावर सगळे असंच म्हणतात," सून म्हणाली. कपाळ चोळत ती आत गेली.

सगळ्यांबरोबर आपल्यालाही मोजलं, हे काकांना लागलं. पण कामात मान-अपमान बघायचा नसतो. त्यांनी ताकद सत्तरवर आणली आणि समोरच्या बँकवाल्यांना बोलावलं.

बँकवाले म्हणजे निवृत्त शाखाधिकारी. समोरच्यावर विश्वास ठेवायचा नाही, पण त्याला तसं कळू द्यायचं नाही, ही त्यांची आयुष्यभराची कला. त्यांनी खिंडवाल्याला बोलायला लावून लावून त्याची सगळी माहिती काढली: खिंड कोणाच्या नावावर, आधी कोण बसायचं, उत्पन्न काय. चहा निवला तरी चौकशी संपेना. शेवटी त्यांनी समाधानाने निरोप घेतला आणि तिथल्या तिथे मेले.

"पातळी, हा माणूस बरोबर नाही," बँकवाले म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "एवढं घरच्यासारखं बोलला आणि निघताना गाठलं. कर्ज मागायला आला असता तर मी याला ओळखला असता."

"ताकद कमी करतो."

"ताकदीचं नाही हो. नियतीचा प्रश्न आहे."

नियत कमीजास्त करायची सोय त्या प्रतीत नव्हती. काकांनी ताकद पन्नासवर आणली. मग तीसवर. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई मेल्या, त्यांचा जावई मेला, गॅस दुरुस्तीला आलेला माणूस काम बाजूला ठेवून मेला आणि जाताना वैतागून म्हणाला, "काका, शेगडीचं चालेल, पण हे कोणाला दाखवू नका." दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा खिंडवाल्याची ताकद दोनवर होती. त्यांच्या हातात काठी, त्याच्या हातात गदा, पण कोणाच्याच अंगात काही नाही. दोघं एकमेकांना बराच वेळ थोपटत राहिले. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याला अशक्तपणा आहे. याला मारायचं नाही, तपासायचं आहे," आणि उठून दवाखान्यात गेल्या.

काका मात्र खूश होते. माणसं मरायची थांबली होती. म्हणजे मरत नव्हती, कंटाळत होती, पण कंटाळा हा मंडळाच्या दृष्टीने दोष नाही.

आणि अशा वेळी सोसायटीचे सेक्रेटरी आले.

सेक्रेटरी हा मनुष्य वेगळा. प्रलंबित काम मागे ठेवून पुढे पाऊल टाकायचं नाही, असं व्रत घेतलेला. खेळातही त्यांनी खिंडीचं नाव काढलं नाही. आठवडाभर रोज संध्याकाळी येऊन त्यांनी गावातली प्रत्येक गाय शोधली, प्रत्येक विहीर उपसली, कोणी सांगितलं नसताना एका म्हातारीच्या घराचं छप्पर शाकारलं. अंगावर पोलादी चिलखत आलं, हातात तलवार आली, ढाल अशी की तिच्याआड अख्खी कार्यकारिणी बसावी. मग ते खिंडीकडे निघाले. साक्षीला कोणीतरी हवं म्हणून काकांनी बँकवाल्यांनाही बोलावून ठेवलं. पायरी रिकामी होती, खिंडवाला आत होता. सेक्रेटरींनी दार ढकललं. दार खिंडवाल्याला लागलं. खिंडवाला मेला.

बँकवाल्यांनी मान पुढे काढून पडद्याकडे बघितलं.

"संपलं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"अभिनंदन," काका म्हणाले.

"मी आठवडाभर विहिरी उपसल्या, त्या दार उघडण्यासाठी?"

"तुमची तयारीच दांडगी होती."

"पातळीकाका, ही माझी चेष्टा आहे." सेक्रेटरी उठले. "आणि एक सांगतो. घरात रोज परक्या माणसांची ये-जा चाललीय, गदेचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. हा व्यवसाय झाला. राहत्या जागेत राक्षस ठेवायला कोणाची परवानगी घेतलीत?"

सकाळी खाली फळ्यावर सूचना लागली. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, इमारतीत चालू असलेल्या राक्षसविषयक कामकाजाबाबत विशेष सभा बोलाविण्यात येत आहे. विषय: राक्षस किती कठीण असावा.'

पाण्याच्या टाकीसाठी बोलावलेल्या सभेला पाच माणसं आली होती. या सभेला खुर्च्या कमी पडल्या. जो मेला होता तो प्रत्येक जण बोलायला उठला. शिंपीणबाईंचं म्हणणं, ज्येष्ठांना सवलत हवी, साठ वर्षांवरच्या माणसाला अर्धीच गदा मारावी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राक्षसाने प्रत्येक घावानंतर बसावं, त्याचे गुडघे बघवत नाहीत. बँकवाल्यांनी जेवणाच्या सुट्टीचा मुद्दा मांडला. ज्याला जेवणाची सुट्टी असते तो माणूस सरळ असतो, असा त्यांचा अनुभव होता. सेक्रेटरी म्हणाले, काहीही करा, पण मेहनत केलेल्या माणसाचा मान राहिला पाहिजे. शेवटी 'राक्षस मध्यम असावा' असा ठराव एकमताने झाला. मध्यम म्हणजे किती, यावर मात्र दोन माणसांचं बोलणं कायमचं तुटलं.

काकांनी आयुष्यात कधी समितीचा शब्द मोडला नव्हता. त्यांनी बसून एकूणएक सूचना खेळात घातल्या. ताकद पन्नास. ज्येष्ठांना पंचवीस, वय दारात सांगायचं. प्रत्येक घावानंतर विश्रांती. दुपारी जेवण, त्यानंतर वामकुक्षी, रविवारी खिंड बंद. सगळं नीट जुळवून ते मागे रेलले. किती दिवसांनी एखादी गोष्ट त्यांच्या हातून मध्यम झाली होती.

सून कामावरून आली आणि पडद्यासमोर उभी राहिली. खिंडवाला गदा उशाला घेऊन घोरत होता. बाहेर तीन शूर वीर तलवारी काखेत मारून रांगेत उभे होते.

"बाबा," ती म्हणाली, "हे काय आहे?"

"जेवणाची सुट्टी. खेळातल्या अडीचला उठेल."

सुनेने खांद्यावरची पिशवी उतरवून ठेवली. तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं.

"मी तीन वर्षं घालवली यात. मला असा राक्षस पाहिजे होता की त्याला बघून माणसाने परत जावं, घाम गाळावा, आणि पुन्हा येऊन त्याला हरवलं की दोन दिवस ताठ मानेने फिरावं. तुम्ही माझ्या खिंडवाल्याचा खिडकीवाला केलात."

काकांनी घोरण्याचा आवाज तेवढा कमी केला.

"असू दे. उद्या मॅडम घरीच येणार आहेत. इमारतीतली साधी माणसं खेळतात असं मी सांगून बसलेय, त्यांना तेच बघायचंय. मी माझीच प्रत दाखवते. शंभर ताकदीची. मेले तर मरू देत सगळे. निदान माझ्या राक्षसाच्या हातून तरी मरतील."

सकाळी ती मॅडमना आणायला निघाली, तेव्हा दारातून फक्त "आई, येते" म्हणाली. बाबांचं नाव घेतलं नाही. काका वर्तमानपत्राचं एकच पान वाचत बसले.

"एवढं तोंड पाडू नका," काकू म्हणाल्या.

"तोंड पडलेलं नाही. मी विचार करतोय."

"विचार करताना तुमच्या भुवया वर असतात. आज खाली आहेत."

मॅडम आल्या. कमी बोलणाऱ्या, हसू जपून वापरणाऱ्या बाई. बघायला इमारत जमलीच होती, पण खेळायला कोणी पुढे येईना. सेक्रेटरी म्हणाले, ते केवळ निरीक्षक म्हणून हजर आहेत. बँकवाले सोफ्याच्या कोपऱ्यात उशी मांडीवर घेऊन बसले होते. ते म्हणाले, "त्या इसमाशी मी पुन्हा बोलणार नाही." डॉक्टरीणबाईंनी फोन कानाला लावला, तो वाजला नव्हता.

मॅडमनी घड्याळ बघितलं. सुनेचा चेहरा फुग्यासारखा होत चालला, निळ्या.

"मी बसते," काकू म्हणाल्या.

"आई, तुम्ही कधी हात तरी लावलाय का याला?"

"राक्षसाशी बोलायचंच आहे ना? तेहतीस वर्षं संसार केलाय."

इथे काकूंबद्दल एक सांगायला हवं. काकू कोणाच्या घरून निघाल्या की लगेच निघत नाहीत. आधी बसून निघतात, मग उभ्या राहून निघतात, मग दारात निघतात, आणि खरा विषय तिथे सुरू होतो. जिन्यात निघतात तेव्हा तर डोळ्यांत पाणी येण्यापर्यंत गोष्टी गेलेल्या असतात. काका अशा वेळी खाली जाऊन स्कूटर सुरू करून ठेवत, आणि पुन्हा बंद करत.

काकूंनी बाईचं रूप घेतलं, काठी घेतली आणि खिंड गाठली. खिंडवाला म्हणाला, इकडे हल्ली कोणी फिरकत नाही. काकूंना ते मनापासून वाटलं. त्यांनी प्रत्येक प्रश्न विचारला, प्रत्येक उत्तर मोठ्याने वाचलं, मधेमधे "अरे देवा" म्हणाल्या. मॅडम पुढे सरकून बसल्या. या राक्षसाचं बोलणं इतक्या मायेने कोणी ऐकून घेतलंच नव्हतं.

"बिचारा एकटा आहे गं," काकू सुनेला म्हणाल्या. "हा काय मारतोय कोणाला. बरं, आता पुरे. परत जाऊन तयारी करायची म्हणालीस ना? निघते मी."

पडद्यावर खाली दोन शब्द आले. काकूंनी त्यातला एक दाबला. खिंडवाल्याने दार उघडलं, गदा उचलली. 'आपण मेलात. पुन्हा?'

सुनेने डोळे मिटले. मॅडमनी पर्स जवळ ओढली.

"का रे मेल्या?" काकू पडद्याला म्हणाल्या. "निघते म्हटलं तर अंगावर येतोस?"

"आई, तुम्ही निघालाच नाहीत," सून थकून म्हणाली. "तुम्ही लढायला आत गेलात. तुम्ही 'येते' दाबलंत."

"मग काय दाबू? निघताना 'येते'च म्हणतात."

"शेजारी 'जाते' होतं ना. 'येते' म्हणजे आत येते, 'जाते' म्हणजे परत जाते. इतकं स्वच्छ लिहिलंय."

"जाते?" काकू खुर्चीतच वळल्या. "चांगला जिवंत माणूस कोणाच्या दारातून 'जाते' म्हणून निघतो का? कायमचं जायचंय? तू आज सकाळी दारातून काय म्हणून गेलीस?"

सून पडद्याकडे बघायला लागली.

"सांग ना."

"येते."

"मग मी लाटणं घेऊन धावले का तुझ्या अंगावर?"

सोफ्यावरून एक उसासा ऐकू आला. बँकवाले होते. "तरी मी म्हणत होतो," ते म्हणाले, "निघताना गाठलं मला."

मग एकेक कबूल व्हायला लागला. शिंपीणबाईंनी 'येते' म्हटलं होतं, त्यांच्या जावयाने 'येतो' म्हटलं होतं. सुनेने पळत जाऊन कंपनीत जमा झालेले जुने डाव उघडले. आजवर खेळलेल्या बाहेरच्या माणसांपैकी एकानेही 'जातो' दाबलेलं नव्हतं. काठी घेऊन राक्षसावर धावून जाणारी वेडी माणसं म्हणून ज्यांना तीन वर्षं नावं ठेवली, ती सगळी सभ्य माणसं होती. निरोप घेता घेता मेली होती.

सुनेने तिथेच दोन शब्द बदलले. 'लढतो', 'येतो'. ताकदीला हात लावला नाही, शंभरची शंभर ठेवली. काकांच्या प्रतीतले सेक्रेटरी तेवढे चिलखतासकट इकडे उचलून आणले. सेक्रेटरींना निरीक्षकपद सोडून खुर्चीत बसावं लागलं, कारण चिलखतासकट तयार माणूस इमारतीत तोच होता. मॅडमसमोर खिंडवाला आणि सेक्रेटरी यांचं जे काही झालं, त्यात दोनदा ढाल तुटायची राहिली. शेवटी खिंडवाला पडला तेव्हा सेक्रेटरींच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. ते उठले, कोणाकडेही न बघता खिडकीपाशी गेले आणि ताठ मानेने बाहेर बघत उभे राहिले. सुनेला तीन वर्षं हीच मान बघायची होती.

"म्हणजे पातळी पहिल्यापासून बरोबर होती," मॅडम म्हणाल्या.

आता काकांची पाळी होती. सगळ्या खोलीला कळलं होतं की त्यांनी महिनाभर ज्याला खाली उतरवला, भरवला, झोपवला, त्या राक्षसाचा काही दोषच नव्हता. दुसरा कोणी असता तर आतल्या खोलीत गेला असता. काका उठले आणि खोलीच्या मधोमध आले.

"मंडळाचा पहिला नियम आहे," ते म्हणाले. "सगळा वर्ग एकाच प्रश्नात नापास झाला, तर वर्गाकडे बघायचं नाही, प्रश्नाच्या शब्दांकडे बघायचं. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी निघालो होतो."

"मग महिनाभर त्या राक्षसाला जेवायला कोण घालत होतं?" काकूंनी विचारलं.

"ती पडताळणी होती."

सून हसली. आधी ओठांत, मग खांदे हलवून, मग तिला खाली बसावं लागलं. काकांनी बघितलं, आणि त्यांच्या भुवया हळूहळू आपल्या जागी वर गेल्या.

मॅडम पर्स घेऊन उभ्या राहिल्या. "बरं, येते मी."

बँकवाल्यांनी उशी छातीसमोर धरली.

मॅडम निघाल्या, म्हणजे दारापर्यंत गेल्या. तिथे काकूंनी त्यांना एवढंच विचारलं की घरी कोण कोण असतं. चपला पायात घालून मॅडम बोलायला लागल्या. आईचं दुखणं, बहिणीशी न पटणं, स्वतःचा पहिला खेळ, जो कोणीच खेळलं नाही. मधे दोनदा "येते हं" म्हणाल्या, आणि दोन्ही वेळा काकू म्हणाल्या, "बसा हो, घाई काय आहे." सून भिंतीला टेकून ऐकत होती. ऐकता ऐकता तिने काकांच्या खिशातलं पेन काढून तळहातावर काहीतरी लिहून घेतलं.

जिन्याच्या वळणावर तिने धीर करून विचारलं, "मॅडम, मग खेळाचं काय ठरलं?"

"येते म्हटलं ना," मॅडम म्हणाल्या. "दुसरा भाग बघायला."

आता नव्या प्रतीत खिंडवाला कोणाला निघताना मारत नाही. तुम्ही 'येतो' म्हणता, तो म्हणतो, बसा हो, घाई काय. तुम्ही पुन्हा 'येतो' म्हणता, तो घरच्यांची चौकशी करतो. तिसऱ्यांदा म्हणालात तर त्याला एकदम आठवतं की मुख्य गोष्ट सांगायची राहिलीच. यातून सुटायला तलवार चालत नाही, ढाल चालत नाही. बँकवाले सुटले, ते मधेच कोणीतरी दार वाजवल्याचं खोटं सांगून. सेक्रेटरी, ज्यांनी खिंडवाल्याला समोरासमोर लोळवलं होतं, ते कालपासून त्याच्या दारात उभे आहेत. त्यांना वाईटपणा घेता येत नाही.

"बाबा," सुनेने विचारलं, "हे जास्त झालं का? काठिण्यपातळी बघून सांगा ना."

काकांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि खिंडवाल्याचा निरोप घ्यायला सुरुवात केली. बऱ्याच वेळाने, खालून काकू स्कूटरचा हॉर्न वाजवत असताना, ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले,

"कठीण. पण अभ्यासक्रमातला."